आधी पावतीपुस्तक दाखवा

आमचं कापडाचं दुकान होतं, तालुक्याच्या गावी, भर पेठेत. गणपती, नवरात्र, हरिनाम सप्ताह, शाळेची खोली, स्मशानातली शेड अशा नाना कारणांनी वर्षभर वर्गणीवाले यायचे. वडील कुणाला नाही म्हणत नसत, पण आकडाही लगेच सांगत नसत. हात पुढे करून म्हणायचे, "आधी पावतीपुस्तक दाखवा." मग गल्ल्यावर बसल्या बसल्या पानं उलटायची. समोरच्या भुसारवाल्याने किती दिले, सोनाराने किती, डॉक्टरांनी किती. आणि मुख्य म्हणजे, ज्या आळीचं काम आहे त्या आळीतल्या लोकांनी स्वतः किती काढले. आळीची पानंच कोरी दिसली की पुस्तक मिटून परत. "तुमचं तुम्ही आधी काढा, मग या. मी आहेच." पेठेत याला कुणी चिकटपणा म्हणायचं, कुणी व्यवहार.

ज्युलियस रोझेनवाल्ड या अमेरिकन दुकानदाराबद्दल वाचायला लागलो तेव्हा हे पावतीपुस्तक डोक्यात घट्ट बसलं. कारण या माणसाने जवळपास पाच हजार शाळांना हातभार लावला तो नेमका याच रीतीने. आणि या रीतीत जे खरं आहे आणि जे बोचणारं आहे ते दोन्ही त्याच्या गोष्टीत इतकं स्पष्ट दिसतं की मला ती वडिलांच्या गल्ल्यापासून वेगळी काढताच येत नाही.

रोझेनवाल्ड यांचे वडील जर्मनीतून आलेले ज्यू. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरत माल विकणारे. पुढे इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड गावात त्यांचं कपड्यांचं दुकान झालं. 12 ऑगस्ट 1862 रोजी ज्युलियस जन्मला तो याच गावात, अब्राहम लिंकनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता आणि यादवी युद्ध ऐन भरात होतं. पोराने हायस्कूल अर्धवट सोडलं, न्यूयॉर्कला मामांच्या कपड्यांच्या धंद्यात उमेदवारी केली, स्वतःचं दुकान काढलं आणि 1885 च्या सुमारास शिकागो गाठलं. तिथे चुलतभावाबरोबर पुरुषांचे तयार कपडे शिवून विकायचा कारखाना. इथपर्यंतची कथा आपल्याकडच्या कुठल्याही मारवाडी, गुजराती किंवा कोमटी दुकानदाराच्या घरात ऐकायला मिळेल अशी. बरकत होती, पण इतिहासात नाव जावं असं काही नव्हतं.

1893 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक. सर्वधर्म परिषद त्या प्रदर्शनाच्या निमित्तानेच भरली होती. त्याच प्रदर्शनात सोडावॉटर आणि आइस्क्रीम विकायचा ठेका ॲरन नुसबॉम नावाच्या माणसाकडे होता. तो रोझेनवाल्ड यांचा मेहुणा. त्या उन्हाळ्यात त्याने सोड्यावर भरपूर कमावलं आणि हातात खेळणारा पैसा कुठे लावावा याचा विचार करू लागला. 1895 मध्ये मेहुणे-मेहुणे मिळून एका धडपडणाऱ्या कंपनीत घुसले. 75,000 डॉलरना निम्मी भागीदारी. कंपनीचं नाव सीअर्स, रोबक.

ही कंपनी म्हणजे टपालाने चालणारं दुकान. व्ही.पी.ने मागवलेलं घड्याळ किंवा पुस्तक ज्यांनी पोस्टमनला पैसे मोजून सोडवून घेतलं आहे त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. रिचर्ड सीअर्स हा मूळचा रेल्वेचा स्टेशन एजंट. घड्याळं विकता विकता तो जाहिरातीचा बादशहा झाला. माल गोदामात नसतानाही जाहिरात ठोकून द्यायचा आणि ऑर्डरी आल्या की तयार करून देणाऱ्याला शोधत हिंडायचा. सूट हवे असले की रोझेनवाल्ड यांच्याकडे यायचा, ओळख तिथली. रोझेनवाल्ड यांनी या सर्कशीला शिस्त लावली. वर्णनातली अतिशयोक्ती छाटली, माल तपासायला प्रयोगशाळा काढली, आणि 'पसंत नसेल तर पैसे परत' हा शब्द खरोखर पाळला. 1906 मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात 40 एकरांवर नवं गोदाम उभं राहिलं. तिथे प्रत्येक ऑर्डरला पंधरा मिनिटांचा ठरावीक वेळ मिळे. तेवढ्या अवधीत प्रत्येक विभागाने आपला जिन्नस पॅकिंगच्या टेबलावर पोचवायचा. ज्याचा उशीर झाला त्याचा माल वेगळा जायचा आणि खर्च त्या विभागाच्या खाती पडायचा. 1908 मध्ये सीअर्स बाहेर पडला आणि कंपनी रोझेनवाल्ड यांच्या हाती आली. तोवर ते कोट्यधीश झाले होते.

ही टपाली दुकानदारी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी काय होती, हे अलीकडच्या इतिहासकारांनी चांगलं उलगडून दाखवलं आहे. गावातल्या दुकानात गोरं गिऱ्हाईक आलं की काळ्याने बाजूला सरायचं. कितीही आधी आलेला असला तरी त्याचा नंबर शेवटी. बरं, दुकानदार बहुधा उधारी देणाराही तोच. कापूस येईपर्यंत त्याच्या वहीत नाव, आणि वहीतला आकडा तो म्हणेल तो. सीअर्सच्या जाडजूड कॅटलॉगला मात्र गिऱ्हाइकाची कातडी दिसत नव्हती. छापील भाव सगळ्यांना एकच. रोख पाठवा, माल घ्या. रोझेनवाल्ड यांनी हे काही समाजसुधारणा म्हणून केलेलं नव्हतं, धंद्याची रचनाच तशी होती. पण ज्या लोकांसाठी पुढे त्यांचा पैसा गेला त्यांच्याशी त्यांचं गिऱ्हाईक म्हणून नातं आधीपासून होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दानाची सुरुवात पावतीपुस्तकानेच झाली. शिकागोत कृष्णवर्णीय तरुणांसाठी वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेची इमारत हवी होती. रोझेनवाल्ड म्हणाले, 25,000 डॉलर मी देतो, पण शहराने 75,000 उभे करावेत. आणि ही बोली फक्त शिकागोपुरती नाही, अमेरिकेतल्या ज्या शहराला हवी त्याने घ्यावी. अनेक शहरांनी ती घेतली.

1911 च्या मे महिन्यात बुकर टी. वॉशिंग्टन शिकागोला आले. गुलामीत जन्मलेला, दक्षिणेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था उभारणारा माणूस. रोझेनवाल्ड यांनी त्यांचं आत्मचरित्र आधीच वाचलेलं होतं. जेवणाच्या टेबलावर ओळख झाली, त्याच वर्षी ते टस्कीगी पाहून आले आणि पुढच्या वर्षी संस्थेचे विश्वस्त झाले. 1912 मध्ये पन्नाशी आली. आपल्याकडे शेठजींची पन्नाशी म्हणजे सत्कार, गौरवग्रंथ आणि जेवणावळ. यांनी त्या दिवशी जवळपास सात लाख डॉलर वाटून टाकले. त्यातले 25,000 टस्कीगीला, तिथून निघालेल्या लहान संस्थांसाठी. त्यातून थोडी रक्कम उरली, तेव्हा वॉशिंग्टन यांनी विचारलं की एवढ्या पैशात खेड्यांत सहा लहान शाळा बांधून बघू का? रोझेनवाल्ड म्हणाले, बघा.

इथे दुकानदार जागा झाला, ते वाचून मला हसू आलं. त्यांच्या मनात आलं की शाळेचं सामान सीअर्सकडूनच तयार का पाठवू नये. एकदम घेतलं तर स्वस्त पडेल. वॉशिंग्टन यांना ते पटलं नाही. लाकूड गावचं असावं, सुतार गावचा असावा, तरच ती शाळा गावाची, असं त्यांचं म्हणणं. रोझेनवाल्ड यांनी हट्ट धरला नाही. देणगीदाराला एवढं कळणं दुर्मिळ, असं मी अनुभवाने म्हणतो. आमच्या गावच्या शाळेला एकाने पंखे दिले, तर पात्यापात्यावर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असं लिहून दिले. पंखा फिरायला लागला की कैलासवासीही गरगर फिरत.

पहिली शाळा 1913 मध्ये अलाबामातल्या लोचापोका गावी पुरी झाली. खर्च 942 डॉलर 50 सेंट. त्यातले रोझेनवाल्ड यांचे 300. बाकीचे तिथल्याच काळ्या-गोऱ्या रहिवाशांनी रोख, लाकूड आणि मजुरीच्या रूपाने घातलेले. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण 1913 म्हटलं की मराठी माणसाला तो धागा दिसतोच, आणि पुढे एका ठिकाणी तो थोडासा जुळतोही.

या शाळांचे सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतच तयार झाले. रॉबर्ट टेलर हे तिथले वास्तुशिल्पी. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय. खेड्यात वीज नव्हती, तेव्हा सगळा विचार उजेडाचा. एकाला एक लागून उंच खिडक्यांची रांग, तीही शक्यतो पूर्वेला किंवा पश्चिमेला. जागेचं तोंड कुठेही असलं तरी हे साधावं म्हणून पुढे एकाच शाळेचे दोन-दोन नकाशे निघाले. बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना आपल्याच हाताची सावली वहीवर पडणार नाही. दोन वर्गांमधली भिंत सरकती, बाजूला केली की गावाच्या सभेला दालन तयार. मळवाटेवरच्या दोन खोल्यांच्या शाळेसाठी कुणी इतकं बारकाईने बघावं! माझी प्राथमिक शाळा पाहिलेल्या कुणालाही यातलं आश्चर्य कळेल. आमच्याकडे खिडकी होती ती फळ्याच्याच बाजूला, दुपारी फळा नुसता चमकायचा.

अट अशी की, आधी गावाने आपला वाटा काढायचा. त्याशिवाय शिकागोचा चेक यायचा नाही. मग गावोगाव वर्गणीला तोंड फुटलं. कुणी एकरभर कापूस शाळेच्या नावाने लावला, बायकांनी जेवणाचे डबे करून लिलावात विकले, कुणी आपल्या रानातली झाडं तोडून दिली, पोरांनी पैसा-पैसा साठवला. अलाबामातल्या एका बैठकीची हकिकत नोंदली गेली आहे. गुलामीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, तेलकट झालेली जुनी पिशवी खिशातून काढली आणि आयुष्यभराची शिल्लक टेबलावर ओतली. 38 डॉलर. माझ्या नातवंडांच्या पोरांना तरी संधी मिळावी म्हणून देतोय, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे याच सुमारास, 1919 मध्ये, भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. भाऊरावही आधी विक्रेतेच. किर्लोस्करांचे नांगर त्यांनी गावोगाव फिरून खपवले होते. त्यांचं वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. तिथे पिशवी ओतणारी घरचीच होती. पोराच्या शिक्षणासाठी गरिबाने पोट बांधायचं, ही गोष्ट साताऱ्याला आणि अलाबामाला सारखीच.

1932 पर्यंत दक्षिणेच्या 15 राज्यांत 4,977 शाळा उभ्या राहिल्या. शिवाय शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा. सगळं मिळून खर्च 2 कोटी 84 लाख डॉलर. आता त्याचं पावतीपुस्तक उघडून बघावं. सर्वांत मोठा वाटा, सुमारे 64 टक्के, सरकारी करांतून आला. गोऱ्या लोकांनी स्वखुशीने दिले ते साधारण 4 टक्के. रोझेनवाल्ड यांनी दानासाठी काढलेल्या फंडाचे सुमारे 15 टक्के. आणि कृष्णवर्णीय शेतकरी, मजूर, धोबिणी यांनी दिलेले 17 टक्के. म्हणजे शिकागोच्या कोट्यधीशापेक्षा कापूस वेचणाऱ्यांनी जास्त दिले. शाळा मात्र ओळखल्या जातात 'रोझेनवाल्ड शाळा' म्हणून. त्यांचं नाव द्यावं अशी अट त्यांनी घातलेली नव्हती. लोकांनीच म्हणायला सुरुवात केली, आणि कित्येक शाळांत त्यांची तसबीरही लागली.

बोचतं ते इथे. हे लोक कर भरत होतेच. त्या करातून गोऱ्यांच्या मुलांना विटांच्या शाळा मिळत होत्या आणि यांच्या मुलांना पडक्या चर्चची ओसरी. मग हक्काचं जे होतं त्यासाठी पुन्हा खिशात हात घालायचा, जागा द्यायची, अंगमेहनत करायची, आणि बांधून झालेली शाळा गोऱ्यांच्या ताब्यातल्या सरकारी शिक्षण मंडळाच्या नावे करून द्यायची. तीही अटच होती. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात आणि तो शब्द खोटा नाही. रोझेनवाल्ड यांच्या बाजूने म्हणायचं तर, शाळा सरकारच्या गळ्यात घातल्याशिवाय शिक्षकाचा पगार सरकारकडून निघाला नसता. त्यांनी आपले 15 टक्के आमिष म्हणून वापरले आणि जो तिजोरी उघडत नव्हता त्याच्याकडून 64 टक्के काढून घेतले. धंदेवाईक म्हणून हा सौदा बिनतोड आहे. त्याची किंमत मात्र त्या सौद्यात सगळ्यात कमकुवत असलेल्याने मोजली.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकसहभागाचं कौतुक चालतं तेव्हा मला हेच सुचतं. गावाने वर्गणी काढून शाळेला रंग दिला, टीव्ही बसवला, कुंपण घातलं की वर्तमानपत्रात फोटो. गुरुजींची धडपड खरी, गावाचं प्रेमही खरं. पण कुंपण घालायचं काम कुणाचं होतं, हे त्या फोटोखाली कधी छापलेलं मी पाहिलं नाही. वडिलांचं 'तुमचं तुम्ही आधी काढा' गणपतीच्या मंडपाला शोभतं. शाळेच्या खोलीला ते किती लावावं, याबद्दल माझं मन अजून स्वच्छ नाही.

रोझेनवाल्ड यांना देव्हाऱ्यात बसवायचं काही कारण नाही. 1913 मध्ये इलिनॉयच्या एका सरकारी समितीपुढे त्यांची साक्ष झाली. दुकानांत, गोदामांत राबणाऱ्या मुलींचा पगार इतका तुटपुंजा असतो की त्या वाममार्गाला लागतात, असा प्रश्न होता. त्यांनी सांगितलं की पगाराचा आणि त्याचा काही संबंध नाही. ज्यांना हजारो मैलांवरच्या शाळेची खिडकी दिसत होती, त्यांना आपल्याच गोदामातली पोरगी दिसली नाही. तीन वर्षांनी त्यांनी नोकरांसाठी नफ्यात वाटा देणारी योजना सुरू केली, हेही खरं. आणि 1921 च्या मंदीत कंपनी बुडायला आली तेव्हा स्वतःच्या खिशातले काही कोटी डॉलर टाकून तिला वर काढली.

एका बाबतीत मात्र मी त्यांना मनापासून मानतो. श्रीमंती बहुतेक वेळा नशिबाने येते, अकलेने नव्हे, असं ते उघड म्हणत. आणि नशिबाने आलेला पैसा कायमचा गाडून ठेवायचा त्यांना राग होता. मूळ रक्कम शाबूत ठेवून नुसत्या व्याजावर चालणाऱ्या धर्मादाय निधींवर त्यांनी जाहीर टीका केली. कारण साधं. पुढच्या पिढीच्या गरजा काय असतील हे आज आपल्याला काय कळणार? 1928 मध्ये त्यांनी आपल्या फंडाला अट घातली की माझ्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत शेवटचा डॉलर खर्च झाला पाहिजे. आपल्याकडच्या किती ट्रस्टांचं आयुष्य धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांच्या भांडणांत सरतं, ते बघितलं की ही अट सोन्याने मढवावीशी वाटते. मूळ पुरुष चांगला, मुलगा बरा, नातू नुसता अध्यक्ष.

रोझेनवाल्ड 6 जानेवारी 1932 रोजी गेले. फंडाने 1948 मध्येच, मुदतीच्या कितीतरी आधी, हिशेब पुरा करून दार लावलं. शाळा बांधणं थांबल्यावर पैसा मुख्यतः माणसांकडे वळला होता. लेखक, गायक, चित्रकार, संशोधक यांना शिष्यवृत्त्या. लँग्स्टन ह्यूज, मॅरियन अँडरसन, राल्फ एलिसन यांना त्या मिळाल्या. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनाही मिळाली, आणि ते तर वॉशिंग्टन यांच्या मवाळ मार्गाचे कडवे टीकाकार. याच ड्यूबॉइस यांना 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागणार आहेत असं कळल्यावर त्या अर्जाची प्रत मागणारं. ड्यूबॉइस यांचं उत्तरही आलं. धागा जुळतो तो एवढाच.

आणखी एक शिष्यवृत्ती मिळाली केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोला. त्यांनी लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कुठली, वाईट कुठली, असं विचारलं. पुष्कळशा काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. वेगळ्या शाळा काढून मुलांच्या मनात काय पेरलं जातं त्याचा हा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 1954 च्या ब्राऊन खटल्यात कामी आला आणि वर्णावर आधारलेल्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. म्हणजे रोझेनवाल्ड यांच्याच पैशाने रोझेनवाल्ड शाळांची गरज संपवायला मदत केली.

पुढे त्या शाळा बंद पडत गेल्या. कुठे गवताची कोठारं झाली, कुठे समाजमंदिरं, बऱ्याचशा पाडल्या. कवयित्री माया अँजेलो आणि नागरी हक्कांच्या लढ्यातले जॉन लुइस याच शाळांत शिकलेले. काळ्या-गोऱ्यांच्या शाळांचं एकीकरण झालं तेव्हा काळी मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, काळे शिक्षक मात्र फारसे कुणी घेतले नाहीत. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. 2002 मध्ये या इमारतींचं नाव धोक्यात असलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आलं. सुमारे 500 उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. ज्या दुरुस्त झाल्या त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी आधी पदरमोड केली ती तिथेच शिकून म्हातारे झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी. संस्थांची मदत आली ती मागाहून.